पूर्वेच्या अंगाचं मुकं भोक

आक्का, कावळा लगेच शिवला.

तुझ्या दहाव्याला माहुलीच्या घाटावर आम्ही पिंड ठेवला, चार पावलं मागे सरलो न सरलो तोच एक कावळा उतरला, इकडेतिकडे न बघता भाताला चोच लावली आणि गेला. बायका म्हणाल्या, गुणाची होती, मागं काही इच्छा ठेवली नाही. दाजींनी उपरण्यानं डोळे पुसले. मी मात्र आदल्या दिवसापासून वाक्यं जुळवून आलो होतो. कावळा अडून बसेल, लोक एकेक कबूल करतील, लेकीचं, हिराचं लग्न नीट करून देऊ, दाजींना सांभाळू, आणि तरीही तो खाली येईना असं झालं की मी पुढे होऊन ते सांगेन, असं ठरवलं होतं. तू तेवढीही संधी दिली नाहीस. खरं सांगतो, मला तुझा राग आला. पाच वर्षं माझ्यापुढे हट्टानं अडून बसलीस, आणि ज्या दिवशी अडायला हवं होतंस त्या दिवशी मुकाट्यानं निघून गेलीस.

तेराव्यालाही मला बोलणं जमलं नाही. आता पाहुणे पांगले आहेत आणि मी कागद घेऊन बसलोय. तुला वाचता येत नव्हतं. सासरहून आलेली पत्रं मी तुला वाचून दाखवायचो तेव्हा तू बजावायचीस, "जे लिवलंय तेच वाच रं म्हादा, पदरचं घालू नको." पदरचं घालायची माझी खोड माझ्याआधी तुला कळली होती. म्हणून आज पदरचं काही घालत नाही. तुझामाझा वाद एकच होता. त्या दिवशी आपल्या खाणीत सुरुंग सहा उडाले की सात.

गंमत बघ, कचेरीत साहेबांनी मला याच दिवसांत आपल्या गावाची हकीकत लिहायला सांगितली होती. खाणवाडी आता गाव राहिलं नाही, शहराचा एक वॉर्ड झाला, तेव्हा जुन्या वस्तीची माहिती दोन पानांत असावी, असा हुकूम. मी लिहिली. अजिंक्यताऱ्याच्या पाठीला, ओढ्यापलीकडे काळ्या दगडाची खाण; तिथं दगड फोडणाऱ्यांची वस्ती; शहरातल्या शाळेच्या पायऱ्या, पुलाची कमान, कचेरीचं जोतं इथल्याच दगडाचं; लढाईच्या काळात इथून लोणंदच्या रुळांखाली टाकायला खडी जात असे. अक्षर छान आलं. साहेब खूश झाले. त्या दोन पानांत तू नव्हतीस. वास्तविक ती खाण चालली ती तुझ्या जागेवरून उठण्यावर आणि न उठण्यावर, पण हे कुठल्या सदरात लिहायचं ते मला कळलं नाही, किंवा कळूनही लिहिलं नाही.

आज लिहितो. दाजी आटपाडीकडचे. त्या कोरड्या मुलखात विहिरी फोडण्याचं काम त्यांच्या घरात दोन पिढ्यांचं, त्यामुळे सुरुंगाचा हात त्यांना जन्मजात. लग्न करून ते आपल्याच गावात राहिले आणि खाणीचे सुरुंगवाले झाले. दगडात हातभर खोल भोकं पाडायची, त्यांत सुरुंगाची दारू भरायची, वात सोडायची, वरून माती ठासायची, हे त्यांचं काम. मग पेटती दोरी घेऊन एकामागून एक वाती पेटवत ते धावत सुटायचे. जो धावतो त्याला मोजता येत नाही. म्हणून आपल्या खाणीत मोजणारं माणूस वेगळं असे, आणि ते पेटवणाऱ्याच्या घरचंच असे, कारण ज्याचं माणूस खाली उतरणार त्यालाच मोजणीची खरी काळजी. आधी दाजींबरोबर इथं आलेली त्यांची आई मोजायची. तिच्यामागे तू.

वरच्या वाटेवर पिंपरणीच्या झाडाखाली तो बसका दगड होता, त्यावर तू बसायचीस. जेवढी भोकं भरलीत तेवढे चिंचोके ओटीत. तीनदा हाळी द्यायचीस, "सरका रं, सरका, वात लागली." दर सुरुंगाला एक चिंचोका ओटीतून काढून जमिनीवर ठेवायचीस. ओटी रिकामी झाली की लुगडं झटकून उठायचीस, आणि तू उठलीस की मगच माणसं खाली उतरायची. एक जरी चिंचोका उरला तरी तू उठत नसायचीस. ठेकेदार येवो, खुद्द कलेक्टर येवो, तू बसलेली असताना खाणीत पाऊल टाकायची कुणाची छाती नव्हती. उरलेलं भोक मुकं म्हणायचं. मुक्या भोकाजवळ दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत कुणी जायचं नाही, मग दाजींनी एकट्यानं जाऊन पाणी ओतून ते लाकडी काडीनं उकरायचं. हे कुठंही लिहिलेलं नव्हतं आणि कुणीही मोडलेलं नव्हतं.

मी सातवी पास होऊन त्याच खाणीवर ठेकेदाराचा कारकून झालो, तेव्हा तू पाटी-पेन्सिल घेऊन निघालेल्या पोरासारखं माझं कौतुक केलंस आणि लगेच चेष्टाही. म्हणालीस, घरात आता दोन मोजणारी झाली, एक चिंचोक्यांची आणि एक कागदाची. मी तुला विचारलं होतं की दोन सुरुंग एकदम उडाले तर तुला कसं कळतं, आणि डोंगराचा पडसाद येतो तो तू कसा वगळतेस. मला वाटलं कान तिखट असतील. तू हसलीस. "कानानं मोजत न्हाई मी. कान लबाड असतोय. बुडाखालच्या दगडानं मोजायचं. सुरुंग उडाला की दगड खालनं ढकलतो. पडसाद काय, त्यो वरच्या वर जातो, त्याला बूड न्हाई." त्यानंतर मी एकदा तुझ्या शेजारी बसून पाहिलं. खरंच खालून धक्का येत होता. मी चार मोजले, तू पाच, पाच होते.

बेचाळीसनंतर सगळं बिघडलं. आपल्या जिल्ह्यात भूमिगत पोरं रूळ उखडत होती, चौक्यांवर चालून जात होती, आणि सरकारला प्रत्येक दगडाआड दारू दिसत होती. खाणीवरच्या सुरुंगाच्या दारूची मापं ठरली. कोठीतून किती काढली, कुठल्या भोकात किती भरली, किती भोकं उडाली, सगळं माझ्या नोंदवहीत, आणि सुरुंगाच्या दिवशी एक हवालदार हजर. पहिल्याच हिवाळ्यात एक भोक मुकं राहिलं. तू सांगितलंस, मी लिहिलं, दाजींनी दुसऱ्या दिवशी उकरलं. पाणी ओतून उकरलेली दारू ती, चिखल झालेली. ती मापात कमी भरली. बाकीची कुणाला दिलीस, असं विचारत पोलीस दाजींना घेऊन गेले. चार दिवसांनी सोडलं. तळपायांवर मारलं होतं. आठ दिवस ते गुडघ्यांवर रांगत मोरीपर्यंत जायचे आणि तू त्यांच्याकडे बघायची नाहीस, कारण बघितलेलं त्यांना आवडायचं नाही.

त्यानंतर वर्षभरात एकही भोक मुकं गेलं नाही. आणि मग तो दिवस आला. सात भोकं भरली होती. ओढ्याच्या अलीकडे, खाणीच्या बरोबर समोर, शहरानं नवं धान्याचं कोठार बांधलं होतं; रेशनचे दिवस होते. त्याची लांबलचक भिंत महिन्याभरापूर्वीच पुरी झाली होती, आपल्याच दगडाची. ती उभी राहिल्यावरचा हा पहिला मोठा सुरुंग. तू हाळी दिलीस. दाजी पेटवून धावले. मी कोठीच्या दाराशी नोंदवही घेऊन, हवालदार माझ्या शेजारी. एकामागून एक आवाज झाले. हवालदारानं बोटं दुमडत मोजले आणि म्हणाला, सात. खाली लपलेल्या माणसांनीही सातच ऐकले. सगळ्यांनी तुझ्याकडे पाहिलं.

तू उठली नाहीस. ओटीत हात घालून तू एक चिंचोका वर धरलास. "सहा," म्हणालीस. "सातवा आवाज भिंतीचा हाय. पूर्वेच्या अंगाचं भोक मुकं हाय."

हवालदार माझ्याकडे वळला. कारकून, तुम्ही काय मोजलंत, एवढंच त्यानं विचारलं. तो काही डाफरला नाही, त्यानं दटावलं नाही. पावसापाण्याची चौकशी करावी तसं विचारलं.

आक्का, कोठीच्या दारातून पूर्वेची कड समोर दिसते. मी आवाजाच्या भरवशावर नव्हतोच. मी धूर पाहत होतो. सहा ठिकाणी धूर आणि कपच्या उडाल्या, आणि पूर्वेच्या कडेला वातीचा बारीक धूर निघाला, विझला, आणि नंतर काहीच झालं नाही. हे मी डोळ्यांनी पाहिलं. आणि मी म्हणालो, "सात."

दाजी तोवर वर आले होते. त्यांनाही विचारलं. त्यांनी खाली बघत सात म्हटलं.

तू माझ्याकडे पाहिलंस. मला वाटलं तू ओरडशील, चार माणसांत माझे वाभाडे काढशील. तू फक्त चिंचोका परत ओटीत टाकलास आणि बसून राहिलीस. दिवस कलला तरी तू उठेनास. शेवटी हवालदारानं जरबेनं सांगितलं तेव्हा हिरा येऊन तुला हाताला धरून घरी घेऊन गेली. ती तेव्हा बारा-तेरा वर्षांची होती. माणसं हसली. कुणी म्हणालं बाईचा अंदाज चुकायला लागला, कुणी म्हणालं धसका घेतलाय नवऱ्याच्या मारापासून. मी वहीत सात लिहून खाली सही केली. वळणदार सही, तुला आवडायची तशी.

त्या वेळी मी दाजींना वाचवलं, असं मी स्वतःला सांगत आलो. ते खोटं नाही. सहा म्हटलं असतं तर पुन्हा उकरणं, पुन्हा माप, पुन्हा चौकी. पण दाजींच्या तळपायांबरोबर मला माझेही दिसत होते, आणि वहीवर सही माझी असते हेही. यातलं किती त्यांच्यासाठी होतं आणि किती माझ्यासाठी, हे मी तेव्हा तपासलं नाही. नंतर तपासायची हिंमत झाली नाही.

दुसऱ्या दिवशी दाजी गुपचूप जाऊन ते उकरतील असं तुला वाटलं होतं. तू त्यांना तसं म्हणालीसही, मी ओसरीवर होतो, मला ऐकू आलं. ते म्हणाले, वहीत सात लिहिलंय. आता तिथं खरडताना कुणी बघितलं तर म्हणतील यानं दारू लपवून ठेवली. बरोबरच होतं. माझ्या सहीनं त्यांचे हात बांधले होते. ठेकेदाराला तुझी मोजणी पटली नाही तरी माणसं काही पूर्वेच्या अंगाला जाईनात, म्हणून त्यानं काम पश्चिमेला नेलं. पावसाळ्यात वरचा बांध सुटला, चांगली पुरुषभर माती त्या कडेवर येऊन पडली. लढाई संपली, खडीची मागणी बसली, खाण बंद झाली. कुणालाही काही झालं नाही. कुणाला काही झालं नाही हाच तुझ्याविरुद्धचा पुरावा ठरला.

तू मात्र रोज तिथं जात राहिलीस. शेरडं चारायचं निमित्त करून पूर्वेच्या कडेनं फड्या निवडुंग लावलास, वर बोरीच्या काट्या टाकल्यास. पोरं खेळायला आली की हाकलायचीस. एकदा शेजारणीनं तुला सुचवलं की तिथं हडळ आहे म्हणून सांग, पोरं आपोआप भितील. तू तिच्यावरच खेकसलीस, खोटं कशाला सांगू, भोक हाय म्हणून सांगते की. मी ते ऐकून मान खाली घातली. तू हे मला ऐकवायला म्हणाली नव्हतीस, पण मला तसं वाटत राहिलं.

मग इंग्रज गेले. तो हवालदार बदलून कुठं गेला कुणास ठाऊक. ज्या चौकीत दाजींना मारलं तिथं तिरंगा लागला आणि पोरांना पेढे वाटले. त्या दिवशी मी बोलू शकलो असतो. आता भीती कुणाची उरली होती? पण तोवर मी शहराच्या कचेरीत कारकून झालो होतो, आणि त्या खोटेपणामागची भीती जाऊन त्या जागी लाज आली होती. भीतीला निदान कारण असतं. लाज नुसती बसून राहते. तू वाट पाहत होतीस हे मला समजत होतं. सोमवारी मी तुझ्याकडे जेवायला यायचो, तू माझ्या ताटात जास्तीची पिठल्याची पळी वाढायचीस, हिराची, बैलाची, पावसाची चौकशी व्हायची, आणि त्या एका गोष्टीपाशी आलं की आपण दोघंही पाणी प्यायचो.

खाणवाडी शहरात घेतल्याची नोटीस मीच चावडीवर चिकटवली. लोकांना बरं वाटलं, नळ येईल, दिवे येतील. तुझ्या दारावर डांबरानं घराचा नंबर घातला तेव्हा तू त्या माणसाला विचारलंस की गावाचं नाव कुठं लिहिलंय. तो म्हणाला, नाव आता नाही, नंबर आहे. तू मला म्हणालीस, तुझ्या कचेरीनं गाव खाल्लं, आता ढेकर तरी देऊ नका. मग कागद आला: बंद खाणीचा तळ सपाट करून तिथं मुलींची शाळा बांधायची, पाया पूर्वेच्या अंगाला, कारण तिथं माती आहे, खणायला सोपं. जागेची माहिती भरायचं काम माझ्याकडे. त्यात एक प्रश्न होता, जागेत काही धोका आहे काय. मी लिहिलं, नाही. दुसऱ्यांदा.

त्या सोमवारी तू जेवताना नाही, पण मी चप्पल घालत असताना विचारलंस, कागदावर काय लिहिलंस. मी म्हणालो, कचेरीचं काम आहे, तुला काय कळतं. असं मी तुला कधी बोललो नव्हतो. तू म्हणालीस, "तिथं पोरी बसनार हायती, म्हादा." मी चप्पल घातली आणि निघालो.

मोजणीदार आले त्या दिवशी तू निवडुंगाच्या पुढे उभी होतीस, हातात कोयता. तुझ्या कोयत्याला कुणी घाबरलं नाही, तुझ्या उभं राहण्याला घाबरले. साहेब चिडले. मला म्हणाले, तुमच्या गावच्या बाई आहेत, काय म्हणणं आहे यांचं? तू माझ्याकडे बघितलंस. त्याच नजरेनं, पाच वर्षांपूर्वीच्या. मला आठवतं, हिराही तिथंच होती, शेरडांची दोरी धरून. आणि मी म्हणालो, "काही नाही साहेब. भ्रम आहे त्यांना. जुना धसका."

तू कोयता खाली केलास. मोजणीदारांना वाट दिलीस. माझ्याजवळून जाताना इतक्या हळू बोललीस की साहेबांना ऐकू गेलं नाही. "सोमवारचं जेवाया येत जा. पर हितं माझ्यासमूर हुबा राहू नको." एवढंच. तू शिव्या दिल्या असत्यास तर मी रागावून घरी गेलो असतो, आणि राग कधीतरी गेला असता.

त्यानंतर तीन सोमवार मी आलो. चौथ्या सोमवारी कचेरीच्या कामाला सांगलीला होतो. तिथं तार आली. ताप छातीत उतरला, तीन दिवसांत संपली. सांगलीहून मी पोचलो तेव्हा राखसुद्धा गार झाली होती. हिरानं सांगितलं की शेवटच्या दिवशी तू माझी आठवण काढलीस. काय म्हणाली, असं मी विचारलं. मला वाटलं होतं ती काही लपवेल. ती म्हणाली, आई म्हणाली, म्हादा आला का सांगलीस्नं. बस.

तेराव्यानंतर आठवड्यानं पायाचं काम सुरू व्हायचं होतं. जतकडून दुष्काळी कामाची माणसं आणली होती, पहारी घेऊन येऊन थांबली होती. त्यांच्यातल्या दोन बायका लेकरं घेऊन त्याच निवडुंगाच्या सावलीला टेकल्या होत्या. ते मी कचेरीत जाताना पाहिलं. तिथून पुढे माझ्या पायांनी काय केलं ते मला नीट सांगता येणार नाही. साहेबांच्या टेबलापुढे उभा राहिलो आणि सांगितलं. सुरुंग, वही, हवालदार, धूर. भ्रम हा शब्द माझा होता, हेही. साहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला आणि म्हणाले, हे लेखी द्या. मी लेखी दिलं. नोकरीचं काय होईल ते अजून कळलेलं नाही. त्याबद्दल मला तक्रार करायची नाही.

खणणारी माणसं मागे घेतली. दाजींना बोलावलं. दाजी वाकलेत आता, हात कापतात. त्यांना सांगायला मी गेलो तेव्हा ते अंगणात बसले होते. मी म्हणालो, दाजी, त्या दिवशी मी धूर पाहिला होता. सहाच उडाले होते. ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "पेटवनाऱ्याला ठाऊक असतंय रं. ती वात माझ्या हातात थंड लागली हुती. मी बी सातच म्हणलो की." मग उठले, कोनाड्यातून लाकडी काडी काढली. ती त्यांनी टाकून दिली नव्हती.

दोन दिवस हातानं माती सारली. मी, दाजी, हिरा आणि जतची दोन माणसं. पहार लावायची नाही, लोखंड लागू द्यायचं नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी हिराच्या बोटांना ठासलेल्या मातीचं गोल बूच लागलं. दगडासारखं घट्ट. दाजींनी आम्हाला सगळ्यांना वर पाठवलं आणि एकटे बसले. पाणी ओतायचे, थांबायचे, काडीनं उकरायचे, पुन्हा पाणी. मी वरून बघत होतो. हिरा माझ्यापासून चार हात लांब उभी होती. वरची दारू काळा चिखल होऊन निघाली. दाजींनी हात केला तसे आम्ही उतरलो. तळाशी पसाभर दारू कोरडी होती. पाच पावसाळे खाऊन कोरडी. दाजींनी चिमूटभर घेतली, लांब जाऊन निखाऱ्यावर टाकली. ती भसकन पेटली.

जतची माणसं मागे सरली. दाजी खाली बसले. त्यांनी तुझं नाव घेतलं, लग्नातल्या उखाण्यानंतर मी प्रथमच त्यांच्या तोंडून ते ऐकलं. पहिल्याच पहारीला ती उडाली असती. त्या दोन बायका आपली लेकरं उचलून ओढ्याकडे निघून गेल्या.

मी हिराजवळ गेलो. मला वाटलं आता तिच्याशी बोललं पाहिजे, तिला सांगितलं पाहिजे की तुझी आई खरी होती, आणि मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. मी सांगितलं. तिनं ऐकून घेतलं. हाताची माती लुगड्याला पुसली आणि विचारलं, "आईला सांगितलं हुतं का, मामा?"

मी नाही म्हणालो.

"मग मला कशाला सांगता?" ती म्हणाली, आणि दाजींना उठवायला गेली.

ती रागानं बोलली नाही. खरंच कळत नव्हतं म्हणून विचारल्यासारखं विचारलं. ते तिला सांगायचं नव्हतंच. साहेबांना, दाजींना, लेखी कागदावर, मी ते सगळ्यांना सांगत सुटलोय आठ दिवस, आणि ज्या एकाच माणसाला सांगायचं होतं ते माझ्या ताटात पिठलं वाढत पाच वर्षं समोर बसलं होतं.

आक्का, सहा उडाले. तू म्हणालीस तेव्हा मला ठाऊक होतं.